शाळा कितीला सुटते, सर?

नोकरीत माझ्या हातून झालेल्या बहुतेक चुका विनोदी आहेत, आणि त्या मी लग्नाकार्यांत, पंगतीत बसल्या बसल्या सांगून संपवल्या आहेत. एका वर्षी सातवीच्या अख्ख्या वर्गाच्या दाखल्यांवर ‘वर्तणूक’ या रकान्यात मी शाळा सोडल्याची तारीख लिहिली होती आणि तारखेच्या रकान्यात ‘समाधानकारक’. ती गोष्ट मी अजूनही रंगवून सांगतो. आज सांगतोय ती मात्र आमच्या घरातही सगळी कोणाला ठाऊक नाही.

भाईंदर पूर्वेला, केबिन रोडवरून आत वळलं की आमची शाळा. मराठी माध्यमाची, अनुदानित, दोन मजली. तिथे मी लिपिक होतो. शाळेतला लिपिक म्हणजे काय, ते मुलाचा दाखला हवा असेपर्यंत कोणाला माहीत नसतं. मुलं येतात त्यांची नोंद करायची, जातात त्यांना दाखला द्यायचा, आणि मधल्या काळात पट मोजायचा. पट म्हणजे मुलांची संख्या. सगळा खेळ तिच्यावर. पट घसरला की शिक्षकांचं एखादं पद कमी होतं, आणि वीस वर्षं आपल्याबरोबर डबा खाणारी बाई एके दिवशी ‘अतिरिक्त’ ठरून कुठल्या तरी लांबच्या शाळेत जाते. तो आदेश टाइप करून आलेला असतो, पण तिच्या हातात द्यायचं काम लिपिकाचं.

आजूबाजूच्या इंग्रजी शाळा स्टेशनबाहेर फलक लावायच्या. आमच्याकडे फलकाला पैसे नव्हते, आणि माझ्याकडे नवा मोबाइल होता. आमच्या मुख्याध्यापिका म्हात्रे बाई एकदा म्हणाल्या, “घाग, तुम्ही दिवसभर त्यात डोकं घालून बसताच. मग शाळेसाठी घाला.” अशा रीतीने मी शाळेच्या पेजचा प्रमुख झालो. हाताखाली कोणी नव्हतं.

सुरुवात माझ्या स्वभावाला साजेशी झाली. स्नेहसंमेलन थेट दाखवायचं म्हणून मोबाइल खिडकीत ठेवला, तो उताणा पडला, आणि पाऊण तास लोकांनी हॉलचा पंखा पाहिला. खाली एका माजी विद्यार्थ्याने लिहिलं, “हा पंखा अजून तोच आहे? आमच्या वेळीही असाच कुरकुरायचा.” पुढच्या आठवड्यात त्याने सहा नवे पंखे पाठवले. पोषण आहाराची खिचडी ढवळतानाचा व्हिडिओ टाकला, तर दापोलीपासून दोह्यापर्यंतच्या माणसांना भूक लागली. एक रुपया न खर्चता लोक शाळेकडे वळून बघायला लागले. जूनमध्ये एक आई पहिलीचा प्रवेश घ्यायला आली आणि म्हणाली, “ते खिचडीवाले सर तुम्हीच ना?” मी त्या दिवशी घरी चालत गेलो नाही, तरंगत गेलो.

मग मी शिकायला लागलो. फुकटात शिकवणारे पुष्कळ असतात. कोणी सांगे, माणसांचे चेहरे दाखवा. कोणी सांगे, खरी गोष्ट सांगा, जागेचं नाव घाला, आणि मुख्य म्हणजे प्रत्येक प्रश्नाला तासाभरात उत्तर द्या, त्याने आपलेपणा वाटतो. लिपिकाने आयुष्यात कोणाला तासाभरात उत्तर दिलेलं नसतं. मी द्यायला लागलो.

‘आमचं मूल’ नावाची मालिका मी सुरू केली. दर बुधवारी एक मूल, एक फोटो आणि दहा ओळी. पाचवीतली एक मुलगी होती. तिला इथे रेवती म्हणतो, ते तिचं नाव नाही. आई बांगड्यांच्या कारखान्यात कामाला, आणि शाळा सुटली की रेवती केबिन रोडवर मामाच्या मॅचिंग सेंटरमध्ये बसायची. कुठलंही ब्लाउजपीस समोर धरा, ती मागे वळून शेकडो रिळांतून बरोबर त्याच रंगाचं रीळ काढून द्यायची. मोरपंखी आणि रामा या रंगांतला फरक माझ्या बायकोला कळतो तेवढाच त्या दहा वर्षांच्या पोरीला कळायचा. मी दुकानात जाऊन फोटो काढला. ती म्हणाली, “सर, नाव नका टाकू ना. आई ओरडेल.”

“अगं, आई खूश होईल,” मी म्हणालो. आया ओरडतात हे सगळीच मुलं सांगतात, अशी माझी समजूत.

नाव टाकलं. दुकान टाकलं. सात वाजता आई येईपर्यंत ती तिथे बसते हेही टाकलं, कारण ती ओळ मला फार हृदयस्पर्शी वाटली. शेवटी लिहिलं, “जास्तीत जास्त शेअर करा.” लोकांनी केलं.

दुसऱ्या दिवशी एक टिप्पणी आली. नावाच्या जागी नुसतं ‘कोकणचा राजा’, चित्राच्या जागी गुलाब. “छान उपक्रम, सर. आम्ही गावाकडचे. शाळा कितीला सुटते?”

मला वाटलं, पालक. पुढच्या वर्षीचा प्रवेश. मी दहा मिनिटांत उत्तर दिलं: दुपारचं सत्र पाच चाळीसला सुटतं, मुलं मागच्या गेटने बाहेर पडतात, रिक्षावाल्याला शाळेची गल्ली सांगितली की पुरे, अवश्य या. पुढे हात जोडल्याचं चित्र. त्याने विचारलं, “ही मुलगी दुपारच्याच सत्रात ना?” मी लिहिलं, “हो.” पुढे लाल बदाम.

शुक्रवारी दुपारी पाचला दहा कमी असताना एक बाई कार्यालयात आली. कारखान्यातून तशीच आलेली. बोटांना चंदेरी रंग, ओढणीला चमकी. “घाग सर कोण?”

मी उठलो. अशा वेळी लोक कौतुक करतात, म्हणून शर्टही नीट केला.

तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. त्यावर माझंच उत्तर होतं, बदामासकट. “हा गुलाबवाला माझा नवरा आहे,” ती म्हणाली. “जाऊबाईंचा आत्ता फोन आला. सकाळीच निघालाय तो गावाहून.”

तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. तिने उभ्या उभ्या सांगितलं ते एवढंच: माराला कंटाळून ती दीड वर्षापूर्वी मुलीला घेऊन भावाकडे आली. कोर्टात अर्ज केलाय, निकाल नाही. मधे एकदा त्याने मुलीला भावाच्या जुन्या घरून उचलून नेलं होतं आणि नऊ दिवस कुठे ठेवलं ते सांगितलं नव्हतं. नवव्या दिवशी ती सापडली तेव्हा बोलत नव्हती. म्हणून घर बदललं, भाऊही दुकान घेऊन इकडे आला, आणि ही शाळा घेतली. “आमचा पत्ता कोणाला नव्हता, सर,” ती म्हणाली.

मी खुर्चीत बसलो. बसलो म्हणण्यापेक्षा खुर्ची मागे होती, म्हणून जमिनीवर गेलो नाही.

म्हात्रे बाई आतून आल्या. त्यांनी सगळं एकदाच ऐकलं आणि पहिला फोन पोलिसांना केला. निघतो म्हणाले, पण रहदारीतून यायचं होतं. मी तोवर मोबाइल काढून पोस्ट पुसायला घेतली होती. बाईंनी माझं मनगट धरलं.

“हात लावू नका. तो या क्षणी हेच बघत असेल. पोस्ट गेली की त्याला कळेल आपण जागे झालोय. मग तो गेटवर नाही येणार, कुठल्या तरी बोळात उभा राहील. मला तो दिसायला हवा.”

शिपाई तुकाराम मामा घोडबंदर गावचे. साठीला आलेले, पण नजर तीक्ष्ण. आईच्या मोबाइलमधला नवऱ्याचा फोटो पाहून ते बाहेर एक चक्कर मारून आले. “आलाय त्यो. टपरीवर उभा हाय. चा घेतलाय पन पीत न्हाय.”

आमच्या शाळेला दोन गेटं आहेत, आणि ती टपरी नेमकी कोपऱ्यावर. तिथून दोन्ही दिसतात. पाच वाजून पाच मिनिटं झाली होती.

बाई खिडकीजवळ गेल्या, परत आल्या. “घाग, तुम्हीच बोलावलंत ना पाहुण्याला?”

“बाई, मी...”

“मग जा, घेऊन या आत. तुम्ही त्याला अवश्य या म्हणालात, तो आला. बसवून ठेवा. कसं ते तुमचं तुम्ही बघा. मामा घंटा मी सांगेन तेव्हाच देतील.”

“आणि हिला आणि पोरीला कुठे...”

“ते तुम्हाला कशाला हवंय?” बाई म्हणाल्या. अपमान म्हणून नाही. जसं ‘ओल्या हाताने बटण लावू नका’ म्हणावं तसं.

मी बाहेर गेलो. मी अंगाने काडी. शाळेत अफझलखानाच्या वधाचं नाटक बसवायचे तेव्हा मला तंबू धरायला उभं करायचे. टपरीपर्यंतची चाळीस पावलं मला अजून आठवतात. इस्त्रीचा शर्ट घातलेला, सडपातळ, चाळिशीच्या आतला माणूस. हातात कापडी पिशवी. अशा माणसाचे डोळे लाल असतील असं मला वाटत होतं. नव्हते.

“गावाहून आलात का?” मी म्हणालो. “मी घाग. पेजवर बोललो आपण.”

तो एकदम हसला. “सर तुम्ही? छान लिहिता तुम्ही, सर. तुमच्यामुळे पोर सापडली माझी.”

हे वाक्य मी त्यानंतर किती वेळा ऐकलंय ते विचारू नका.

“चला आत. इथे काय उभे राहता? मुलीला न्यायचं म्हणजे अर्ज द्यावा लागेल.”

सरकारी-निमसरकारी कार्यालयातल्या माणसाचं सगळं कसब एका गोष्टीत असतं. त्याने ‘नाही’ म्हणायचं नसतं. ‘काहीच हरकत नाही, फक्त एक अर्ज द्या’ म्हणायचं असतं. त्या वाक्याने मी आयुष्यभर भल्या माणसांना विनाकारण छळलं. त्या दिवशी प्रथमच त्याचा उपयोग होत होता.

त्याला खिडकीकडे पाठ करून बसवलं. कोरा कागद दिला. त्याने लिहिलं. मी वाचलं आणि म्हणालो, “मुख्याध्यापक नाही, मुख्याध्यापिका. परत लिहा.” त्याने लिहिलं. “विषय राहिला.” त्याने लिहिला. “तारीख उजवीकडे घेतात.” मागच्या जिन्यावर चपलांचा आवाज झाला. मी मोठ्याने खोकलो. इतका की त्याने मला पाण्याचा ग्लास पुढे केला.

“आधार कार्डाची झेरॉक्स?”

“मोबाइलमध्ये आहे.”

“मोबाइलमधलं चालत नाही हो,” मी म्हणालो. मोबाइलचा प्रमुख मी.

त्याने पेन खाली ठेवलं. “सर, तुम्ही मला खेळवताय काय?” आवाज तसाच, हळू. “नाही दिलीत तरी चालेल. सातपर्यंत मामाच्या दुकानात असतेच ना ती. तुम्हीच लिहिलंय.”

दुकानाचं बाईंच्या लक्षात आलं असेल का? आईला तिकडेच धाडलं असेल तर? उठून सांगायला जावं, तर हा उठणार. भिंतीवरच्या घड्याळात पाच एकोणचाळीस. मग चाळीस. मग एक्केचाळीस. घंटा नाही. गेटवर पालकांची कुजबुज वाढायला लागली. कोणीतरी हिंदीत विचारत होतं, “आज छुट्टी नहीं हुई क्या?”

“घंटा का नाही झाली?” तो उभा राहिला.

“जास्तीचा तास आहे.”

“शुक्रवारी?”

तो दाराकडे वळला. माझ्याजवळ अर्जाच्या चुका संपल्या होत्या. मारामारी मला येत नाही. खोटं बोलणंही, इतकी वर्षं सराव असून, त्या क्षणी येईना. मी कपाट उघडलं आणि म्हणालो, “तिचं प्रगतिपुस्तक बघणार का?”

तो थांबला. मग परत येऊन बसला.

मी पुस्तक त्याच्यापुढे धरलं. पत्त्याचं पान अंगठ्याखाली दाबून धरलं होतं, नख पांढरं पडेपर्यंत. त्याने एकेक विषय बोट लावून वाचला. “गणितात एवढे?” तो म्हणाला. “माझं गणित कच्चं होतं.” मग चित्रकला. वर्गशिक्षिकेने लिहिलं होतं, ‘रंगांची जाण उत्तम. आता वर्गात थोडी बोलू लागली आहे.’ ती ओळ त्याने दोनदा वाचली. पिशवीतून त्याने एक रंगपेटी काढून टेबलावर ठेवली, चोवीस रंगांची, किमतीचं लेबल खरवडून काढलेली. मी त्या लेबलाच्या खुणेकडे बघत राहिलो.

त्याला धरून ठेवायला ना माझा अर्ज कामी आला, ना माझी जीभ. मी त्याला त्याच्या मुलीच्या मार्कांनी बांधून ठेवलं होतं. तो दहा मिनिटं वाचत होता. तो कसा आहे हे मला ठाऊक होतं. आईची बोटं बोलताना ओढणीत लपत होती, आणि नऊ दिवस मी विसरलो नव्हतो. तरीही ती दहा मिनिटं मला माझ्या नोकरीतली सगळ्यात हलकट दहा मिनिटं वाटतात, आणि परत वेळ आली तर मी तेच करीन.

पाच बावन्नला घंटा झाली.

पोरं नेहमीसारखी धबधबा सुटल्यागत बाहेर पडली. तो खिडकीला चिकटून उभा राहिला. एकेक चेहरा बघत होता. पटांगण रिकामं झालं. शेवटी एक मुलगा डबा विसरला म्हणून परत धावत आला आणि गेला. मग फक्त तुकाराम मामा झाडू घेऊन उभे.

तो वळला. मी टेबल आणि दार यांच्या मधे उभा होतो. धाडस म्हणून नाही, पाय हलत नव्हते म्हणून.

“गेली?” त्याने विचारलं.

मी मान हलवली. कशी, ते आठवत नाही.

त्याने हात उचलला. मी डोळे मिटले. काही झालं नाही. उघडले तेव्हा त्याने रंगपेटी उचलून परत पिशवीत ठेवली होती, आणि दारात म्हात्रे बाई होत्या, त्यांच्यामागे एक महिला हवालदार आणि एक पोलीस. जबाब घ्यायचाय, चला, एवढंच ते म्हणाले. जाताना तो माझ्यासमोर थांबला. “तुम्ही तरी ‘या’ म्हणाला होतात, सर.”

ते गेल्यावर मी बाईंना विचारलं, “बाई, दुकानात तर नाही ना पाठवलंत?”

“पोस्ट मीही वाचली होती, घाग,” त्या म्हणाल्या. मायलेकी कुठे गेल्या ते त्यांनी सांगितलं नाही. तुकाराम मामांनीही नाही. दोघंही मला मूर्ख समजत नव्हते, फक्त ओळखत होते.

त्या संध्याकाळी मी ती पोस्ट पुसली आणि मग बाकीच्या वाचायला घेतल्या. ‘आमचं मूल’मधली सगळी मुलं. कोण कुठल्या सोसायटीत राहतो, कोण एकटा घरी जातो, कोणाच्या दाराची चावी शेजारच्या काकूंकडे असते. सगळं मी हौसेने, शुद्ध भाषेत लिहून ठेवलं होतं. कार्यालयात एखादा अनोळखी माणूस येऊन मुलाचा पत्ता मागता तर मी त्याला तीन अर्ज लिहायला लावले असते. तेच मी चौकात उभं राहून मोठ्याने वाचून दाखवत होतो, आणि कोणी नीट ऐकलं नसेल तर तासाभरात परत सांगत होतो.

पेज बंद झालं नाही. मी राजीनाम्याची भाषा केली तेव्हा बाई म्हणाल्या, “नाटकं नकोत. शाळेला पेज हवंय, फक्त त्यात मूल नकोय.” आता तिथे मातीने माखलेले हात असतात, फळ्यावरचं अक्षर असतं, खिचडी असते. शाळेच्या वेळा विचारल्या तर ‘कार्यालयात भेटा’ असं उत्तर जातं, तेही दुसऱ्या दिवशी. गंमत म्हणजे लोक तरीही येतात. एक माजी विद्यार्थिनी पालकांच्या सभेत शिवण शिकवून गेली. एक रिटायर गवंडी येऊन संडासाच्या फरशा बसवून गेला. चेहरा न दाखवताही शाळा आपली वाटू शकते. हे मला कुठल्या फुकटातल्या व्हिडिओत कोणी सांगितलं नव्हतं.

रेवती परत वर्गात आली नाही. मामाचं दुकानही महिन्याभरात उठलं. दिवाळीच्या सुट्टीनंतर तिची आई दाखला न्यायला आली. रीत अशी, की मूल ज्या नव्या शाळेत जातं ती शाळा मागणीपत्र देते आणि ते बघून लिपिक दाखला लिहितो. तिने पाकीट माझ्या टेबलावर ठेवलं. बंद होतं. वर फक्त ‘लिपिक’ असं लिहिलेलं.

“बोलते का ती आता?” मी विचारलं.

“बोलते,” ती म्हणाली. मग थोडं थांबून, “रिळं नाहीत तिथे. रुसलीय जरा.”

मी पाकीट हातात घेतलं. आत एका शाळेचं नाव होतं, गावाचं नाव होतं. तीस वर्षं मी अशी पाकिटं टेबलाच्या कडेवर फाडून उघडली होती. मी उठलो, आत गेलो आणि ते म्हात्रे बाईंच्या पुढे ठेवलं.

“हा दाखला तुम्ही लिहा, बाई. संगणकावरची नोंदही तुम्हीच करा.”

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. ड्रॉवरमधून पेन काढलं. मी बाहेर येऊन दार ओढून घेतलं, आणि त्या दिवशीच्या पटातून एक वजा केला.